पाणी कोणी बोललंच नाही : एका निनावी पत्रकाचं प्रकरण

हे प्रकरण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतलं. कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली, आणि राहते मी तिथून तीन किलोमीटरवर एका वाडीत. मतदारसंघ कुठला, उमेदवार कोण, पक्ष कुठले हे काही लिहिणार नाही. एक तर पत्रक नक्की कोणी काढलं याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि दुसरं म्हणजे नाव घेतलं की वाचणारा लगेच बाजू पकडून बसतो आणि मूळ गोष्ट तशीच राहते. मूळ गोष्ट एवढीच की चौदा दिवस प्रचार झाला, गाड्या फिरल्या, भोंगे वाजले, आणि आमच्या पाण्याबद्दल दोन मोठ्या उमेदवारांपैकी एकही माणूस नीट दोन वाक्यं बोलला नाही, याचा मला तेव्हा जेवढा संताप आला तेवढा आजही येतो.

आधी पाण्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये आम्ही टँकरची वाट बघतो, बाहेरच्यांना हे खरंच वाटत नाही. पण खाली सगळा जांभा, पाणी धरूनच ठेवत नाही, वर डोंगर तीव्र उताराचा, पडलेलं पाणी बघता बघता खाडीला. जलजीवन मिशन २०१९ ला आलं, दर माणशी दिवसाला ५५ लिटर असा हिशोब, आमच्याही दारात नळ आला, निळा पाइप आला, सिमेंटचा छोटा खांब आला. पाणी फेब्रुवारीपर्यंत येतं. मग योजनेचा उद्भव आटतो, म्हणजे नदीकाठची जी विहीर आहे ती, आणि नळ नुसता हवा सोडतो, फुस्स करून. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे किंवा नवीन बाळ आहे त्यांना विचारा तो आवाज कसा वाटतो ते.

तर दिवाळीच्या आधी वाडीतल्या अकरा जणींनी मिळून एक अर्ज केला, मी दुकानात टाइप केला, पैसे घेतले नाहीत. चार प्रश्न होते फक्त. उद्भव आटल्यावर दुसरा उद्भव कुठला धरणार. पंपाचं थकलेलं वीजबिल कोण भरणार. ठेकेदाराचं शेवटचं बिल कोणी आणि काय बघून पास केलं. आणि टँकर कुठल्या तारखेपासून, कारण दर वर्षी मागणी करून करून तो येतो तोवर मे अर्धा संपलेला असतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि कोण कोण उभं ते पक्कं झालं, तेव्हा आमचा कागद दोन्ही मोठ्या उमेदवारांच्या माणसांच्या हातात दिला. दोघांनी घडी घालून खिशात ठेवला, दोघंही म्हणाले साहेबांना देतो.

९ तारखेला, शनिवार होता, रात्री साडेनऊला मी शटर अर्धं खाली ओढलेलं आणि एक पोरगा खालून वाकून आत आला. आमच्याच वाडीतला, मला वहिनी म्हणतो, त्याच्या दहावीच्या हॉलतिकिटाची प्रिंट मीच काढून दिली होती. हातात पेनड्राइव्ह. म्हणाला वहिनी दोन हजार कॉपी पाहिजेत, ए-फाइव्ह, पातळ कागद चालेल, उद्या सकाळी सहाला नेतो, आणि खाली तुमचं नाव टाकू नका. मी फाईल उघडली. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाईल, श्रीलिपी या मराठी फॉन्टात टाइप केलेली, म्हणजे कुठल्या तरी डीटीपीवाल्यानेच करून दिलेली, घरी मोबाइलवर कोणी असं करत नाही. वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला थांबले.

त्यात एका उमेदवाराच्या घरातल्या बाईबद्दल लिहिलं होतं. तिचं लग्न, ते का मोडलं, ती कोणाकडे राहते, असलं सगळं. काय लिहिलं होतं ते मी इथे सांगणार नाही, सांगितलं तर मी पण ते वाटल्यासारखंच होईल. ती बाई निवडणुकीला उभी नव्हती, कुठल्या पदावर नव्हती, कुठल्या स्टेजवर चढली नव्हती. मथळ्यात "चारित्र्य" हा शब्द "चारीत्र" असा टाइप झालेला, तो माझ्या डोळ्यात बसला कारण अठरा पॉइंटात ठळक होता आणि हे माझं रोजचंच काम आहे, चूक आधी दिसते.

मी त्याला म्हटलं हे मी छापणार नाही. तो म्हणाला वहिनी सगळेच करतात, समोरच्यांनी आमच्यावर काय काय काढलंय बघा. मी म्हटलं त्यांनी आणलं तर त्यांचंही छापणार नाही. मग तो जरा चिडला, म्हणाला अहो झेरॉक्स मारा मग, झेरॉक्सला कुठे कायदा आहे.

इथे कायदा सांगते, कारण आमच्या धंद्यातल्या खूप जणांना पण हाच गैरसमज आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७अ. निवडणुकीचं कुठलंही पत्रक किंवा पोस्टर असलं की त्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजेच. छापायच्या आधी प्रकाशकाने मी अमुक अमुक असं सही करून दोन प्रतींत लिहून द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांच्या साक्षीच्या सह्या पाहिजेत, आणि छापून झालं की त्या घोषणापत्राची एक प्रत आणि छापलेल्या कागदाची एक प्रत मुद्रकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. आणि त्याच कलमात स्पष्ट आहे की हाताने नक्कल करणं सोडून बाकी कुठल्याही प्रकाराने प्रती काढल्या तरी ती छपाईच धरतात. म्हणजे झेरॉक्स पण आली. शिक्षा काय, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता बघा, दोन हजार पत्रकं आणि जास्तीत जास्त दंड दोन हजार रुपये. म्हणजे एका घराची अब्रू काढायचा भाव एका कागदाला एक रुपया, आणि कायद्यातला हा आकडा कोणाला वाढवावासा वाटत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

निनावी पत्रकाचा आणखी एक फायदा असतो, तो लोकांच्या लक्षात येत नाही. विधानसभेला उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. नावानिशी छापलेलं प्रत्येक हँडबिल त्या हिशोबात धरावं लागतं, माझी बिलं जातात ना तिकडे, मला माहितीय. ज्याच्यावर नावच नाही ते कोणाच्याच हिशोबात नाही. चिखलफेक अशी फुकटात होते, आणि चांगलं काम सांगणारं पत्रक मात्र हिशोबात धरलं जातं.

पोरगा गेला. १२ तारखेला कार्तिकी एकादशी, सकाळी दूध आणायला दार उघडलं तर दुधाच्या पिशवीखाली गुलाबी पातळ कागद. मथळ्यात "चारीत्र". काना-मात्रा सकट तीच फाईल, दुसरीकडे कुठेतरी डुप्लिकेटरवर काढलेली, एका कडेला शाई पसरलेली. खाली नाव नाही, पत्ता नाही, प्रती किती ते नाही. आमच्या वाडीत घरटी एक टाकलेलं होतं, शाळेच्या गेटवर पण अडकवलेलं, आणि शाळेत त्या बाईच्या भावाची मुलगी जाते, सातवीत. मुलांच्या हातात तो कागद होता हो. उपवासाच्या दिवशी सकाळी सकाळी मला कसंतरीच झालं.

दुसरी बाजू काय गप्प बसणार होती. १४ तारखेला क्लिप आली, समोरच्या उमेदवाराची जुनी कुठली तरी भाषणं तोडून जोडलेली, त्यावर गाणं, आणि शेवटी त्याच्या आजारपणावरून टिंगल. आजारपणावरून! ती मला पाठवली ती पण माझ्या जावेच्या मुलाने, घरातल्याच पोराने, खाली हसणारे चेहरे टाकून. मी त्याला फोन करून विचारलं अरे तुझ्या आजोबांना पण हाच आजार होता ना, तर म्हणाला काकी तुम्ही सिरियस घेऊ नका, इलेक्शनपुरतं असतं ते. इलेक्शनपुरतं असतं हे वाक्य मी त्या पंधरा दिवसांत इतक्या वेळा ऐकलं. पण १५ ला त्रिपुरारी पौर्णिमा, देवळात त्रिपूर लावायला दर वर्षी सगळ्या बायका एकत्र तेल-वाती घेऊन जातो, त्या वर्षी दोन खेपा झाल्या. एक घोळका साडेसहाला लावून निघून गेला, दुसरा तो गेल्याची खात्री करून आला. दीपमाळेच्या खालच्या दोन रांगा लागल्या आणि वरच्या तशाच राहिल्या, कारण शिडी धरायला जी माणसं लागतात ती दोन वेगळ्या घोळक्यांत होती.

आता टीकेचं. कोणी कोणावर टीकाच करू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही, उलट आहे. आचारसंहितेच्या अगदी पहिल्या भागातच लिहिलंय की टीका करायची तर धोरणावर, कार्यक्रमावर, मागच्या कामावर करा. ज्या खासगी आयुष्याचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही त्यात शिरू नका, आणि खात्री न केलेले आरोप करू नका. म्हणजे नळाला पाणी का नाही यावरून समोरच्याला फाडून खायला आचारसंहिता अडवतच नाही! मला तर तेच पाहिजे होतं. एकाने विचारायला हवं होतं की योजना तुमच्या काळात झाली, विहीर मार्चला आटते हे गावातल्या पोरालाही माहिती होतं, मग उद्भव तिथेच का धरला. दुसऱ्याने उत्तर द्यायला हवं होतं. तशी भांडणं झाली असती तर मी सभेला रोज गेले असते.

दोन सभांना गेलेच होते, दोघांच्या एकेक. फोनवर रेकॉर्ड केल्या आणि दुकानात टायपिंग करता करता परत ऐकल्या, वहीत रेघा मारत. पहिलं भाषण ३८ मिनिटं. समोरच्याचं नाव किंवा त्याच्या खानदानाचा उल्लेख ४१ वेळा. "पाणी" हा शब्द दोनदा आला. एकदा "यांना या निवडणुकीत पाणी पाजल्याशिवाय राहणार नाही" आणि एकदा "पाण्यासारखा पैसा ओतलाय त्यांनी". दुसरं भाषण ५२ मिनिटं, त्यात पाणी तीनदा. "कोण किती पाण्यात आहे ते दाखवून देऊ", मग परत पाणी पाजण्याचंच, आणि तिसऱ्यांदा एकदाचं खरं पाणी, "पाण्याचा प्रश्न आम्ही सोडवणारच", टाळ्या, आणि लगेच गाडी समोरच्याच्या घरावर. ते वहीचं पान माझ्याकडे अजून आहे. आमच्या अर्जातल्या चार प्रश्नांपैकी एकाचं पण नाव निघालं नाही, आणि मी मागे बसून विचार करत होते की यांना खरंच कळत नसेल का की खुर्च्यांवर बसलेल्या अर्ध्या बायका पहाटे हंडा भरून आल्यात.

का असं होतं यावर मी खूप डोकं लावलं. माझ्या मते कारण साधं आहे, पाण्यावरून हल्ला करायचा तर योजनेची फाईल वाचावी लागते, आणि समोरचा उलटून विचारणार की मग तू काय करशील, त्याचं उत्तर तयार लागतं. बाईच्या चारित्र्यावर लिहायला काही वाचावं लागत नाही आणि कोणी उलट विचारत नाही. ज्याच्यावर चिखल उडतो तो बिचारा खुलासे करत बसतो, त्याचेही दिवस जातात. चौदा दिवसांचाच खेळ, त्यात चार दिवस खुलाशात गेले की संपलं. दोघांनाही पाण्याचं उत्तर द्यायचं नव्हतं, आणि या भांडणाने दोघांचंही काम झालं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आमच्या दुकानात एक निवृत्त मास्तर पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला येतात, मूळचे जुन्या राजापूर मतदारसंघातले, जो २००८ च्या पुनर्रचनेत गेला. तिथून नाथ पै १९५७ पासून तीनदा खासदार झाले आणि १९७१ पासून मधू दंडवते पाच वेळा. मास्तर सांगतात त्यांचे वडील नाथ पैंचं भाषण ऐकायला चालत जायचे, पक्ष पटत नसला तरी. जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही, कुजबूज तेव्हाही असणारच, माणसं तीच. पण विरोधकाच्या सभेला ऐकायला जावंसं वाटणं, हे मी माझ्या आयुष्यात बघितलेलं नाही.

तक्रार केली का, तर केली. सी-व्हिजिल ॲप आहे निवडणूक आयोगाचं, त्यात गॅलरीतला फोटो चालत नाही, ॲपमधूनच तिथल्या तिथे काढावा लागतो म्हणजे जागा नोंदली जाते, आणि १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. शाळेच्या गेटवरच्या कागदाचा फोटो काढला, पाठवला. माणसं आली, वेळेत आली, नीट बोलली, गेटवरचे आणि आसपासचे कागद गोळा केले. मग त्यातल्या एकाने विचारलं, ताई यावर नावच नाही, तुमचा कोणावर संशय आहे का.

आणि मी नाही म्हटलं.

इथे मी खोटं बोलले हे कबूल करून लिहितेय. मला त्या पोराचं नाव माहिती होतं, फाईल माझ्या डोळ्यांसमोर उघडली होती. पण त्याची आई आणि मी एकाच टँकरच्या रांगेत उभ्या राहतो, तिला दुसरा मुलगा नाही, आणि मला पक्कं ठाऊक होतं की नाव दिलं तर तो पोरगा आत जाईल आणि ज्याने ती फाईल बनवून घेतली त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. हे बरोबर होतं की चूक यावर माझं आणि नवऱ्याचं अजून एकमत नाही. तो म्हणतो तू नाव दिलं असतंस तर पुढच्या वेळी पोरं घाबरली असती. असेलही.

वरची पायरी पण आहे कायद्यात. त्याच कायद्याचं कलम १२३(४), उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वागण्याबद्दल खोटं विधान पसरवणं हा भ्रष्ट आचार, सिद्ध झालं तर निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत हायकोर्टात याचिका, आणि ती हरलेला उमेदवारच करू शकतो असं नाही, साधा मतदारही करू शकतो. हे वाचून मला क्षणभर बळ आलं होतं. पण ते विधान उमेदवाराने स्वतः, त्याच्या एजंटने किंवा त्यांच्या संमतीने केलं हे दाखवावं लागतं, आणि निनावी कागदाची संमती कोण दाखवणार. शिवाय त्या कागदात ती बाई होती, उमेदवार नव्हता, म्हणजे तिथेही ती कुठे बसत नाही. तिच्यासाठी मानहानीचा दावा आहे, म्हणजे तिने स्वतः कोर्टात उभं राहून तो कागद मोठ्याने वाचायचा.

एक गोष्ट मात्र जमली ती सांगते. प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र, फॉर्म २६, आयोगाच्या साइटवर असतं, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं. ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांना प्रचाराच्या काळात तीनदा पेपरात आणि टीव्हीवर जाहीरही करावं लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालापासून, पण ती बारीक टायपातली जाहिरात वाचतं कोण. मी सगळ्याच उमेदवारांची शपथपत्रं प्रिंट काढून काउंटरवर फाईल करून ठेवली, ज्याला बघायचं त्याने बघावं, बाहेर न्यायचं नाही. आठवड्यात चाळीसेक जणांनी चाळली असतील. एक रिक्षावाला जमिनीचं पान बघून म्हणाला, ताई भाषणात जे म्हणत होते त्यातलं अर्धं इथे नाहीच, आणि जे इथे आहे ते कोणी भाषणात बोलत नाही. त्याच्या तोंडून ते ऐकून मला बरं वाटलं.

१८ तारखेला संध्याकाळी सहाला भोंगे बंद झाले. २० ला मतदान. अर्जावर सह्या करणाऱ्या अकरा जणींपैकी चार जणी गेल्याच नाहीत. शेजारच्या काकी, पंच्याहत्तर वर्षांच्या, आजवर एक मतदान चुकवलेलं नाही, म्हणाल्या नको गो, दोघांच्याही तोंडाला लागायचं नाही मला. मी नोटाचं, म्हणजे 'यांपैकी कोणीही नको' याचं सांगितलं, २०१३ पासून मशीनवर ते बटण आहे. त्यांनी विचारलं त्याला जास्त मतं पडली तर काय होतं. मी खरं ते सांगितलं, विधानसभेला काहीच होत नाही, उमेदवारांत ज्याला जास्त तोच निवडून येतो. मग कशाला ऊन खाऊ म्हणाल्या, आणि आत जाऊन भात पाखडायला बसल्या. मी गेले, मत दिलं, कोणाला ते सांगणार नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबताना मला आनंद झाला नाही.

२३ ला निकाल लागला, फटाके वाजले, आभाराचे फ्लेक्स माझ्याकडेच आले छापायला, नावानिशी, मुद्रक-प्रकाशकासकट. बिलासोबत मी आमच्या अर्जाची एक प्रत परत लावून दिली. त्या माणसाने घडी घालून खिशात ठेवली.

डिसेंबरमध्ये एका दुपारी ती आली. तीच, पत्रकातली. आधी मी ओळखलं नाही, हेल्मेट होतं. मुलाच्या शाळेच्या दाखल्याची आणि आधारची झेरॉक्स पाहिजे होती, पाच-पाच कॉपी. मशीन तापायला वेळ लागतो तेवढ्यात दुकानात आम्ही दोघीच. मी कॉपी तिच्या हातात देताना म्हटलं, ते इथे छापलं नव्हतं. तिने कागद मोजले, पाच आणि पाच, पिशवीत सरळ ठेवले. "माहितीय मला," म्हणाली, आणि पर्स उघडत विचारलं, किती झाले.